सहावी पुरचुंडी

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेलगावच्या शाळेत तीस-चाळीस शिक्षकांसमोर उभी होते. महिन्याची शिक्षण परिषद होती आणि विषय पहिली-दुसरीच्या इंग्रजीचा होता. मोबाइल घेऊन वर्ष झालं, पण बैठकीत तो बंद ठेवायची सवय मला अजून लागलेली नाही. फोनवर त्यांचा मुलगा महेश होता. "बाई, अप्पा गेले. चारला न्यायचं हाय." मी "निघते" म्हटलं, फोन पर्समध्ये टाकला आणि उरलेला पाठ पुरा केला. त्यात विशेष काही नाही, काम अर्धं टाकून उठलेलं अप्पांनाच चाललं नसतं. मात्र बोलता बोलता माझी नजर सारखी मागच्या भिंतीकडे जात होती. तिथे कोणी नव्हतं. तरी माझं बोलणं लांबलं की वाटायचं, आता तिकडून टक् असा आवाज यायला हवा होता... तो येत नव्हता, म्हणजे मीच फार बोलत होते.

युसूफ वडगावला पोचले तेव्हा अप्पांना घरासमोर बसवलं होतं. लिंगायतांची तशी रीत आहे, माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घातलेली, पाठ ताठ, कपाळभर विभूती, डोळे मिटलेले. मला ते दृश्य नवं नव्हतं. माझ्या वर्गात मागच्या रांगेत पोरांच्या बसकरपट्टीवर ते असेच बसायचे, फक्त डोळे उघडे असायचे. मी वाकून नमस्कार केला आणि नकळत त्यांच्या हातांकडे पाहिलं. हातात नेहमीचा डबा नव्हता.

ओट्यावर आमच्या वेळचे घुले गुरुजी बसले होते. अप्पांची हयातभर टिंगल करणारा हा माणूस त्या दिवशी सगळ्यांत जास्त रडला होता. मला पाहून ते शेजारच्यांना म्हणाले, "अप्पा शेवटी खरं बोलून गेले बघा. पद्धतीत काय न्हाई, बाईत हाय. आन ती बाई म्हंजी ह्या." सगळ्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली. घरी येताना जीपमध्ये ठरवलं की हे लिहायचं. अप्पांचे गुण सांगायला इतर माणसं पुष्कळ आहेत. मला एक चूक दुरुस्त करायची आहे. चूक माझी आहे आणि ती गेली काही वर्षं अप्पांच्या नावावर जिल्हाभर फिरते आहे.

कागदोपत्री त्यांचं नाव मन्मथ, पण सगळा तालुका अप्पाच म्हणायचा. घरचं किराणा दुकान, वडील आणि भाऊ गल्ल्यावर, हा एकटाच मास्तरकीत शिरला. पहिलीपासून इंग्रजी आली त्या वर्षी आम्ही सगळे धास्तावलो होतो. आमच्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी पाचवीत पहिल्यांदा पाहिली आणि दहावीत कशीबशी सोडवली. केजच्या शाळेत आमचं पहिलं प्रशिक्षण झालं तेव्हा घुले गुरुजी उभे राहून म्हणाले, "अप्पा, आमालाच यीना, लेकरांना काय शिकवावं?" अप्पा तेव्हा आमचे साधनव्यक्ती म्हणजे शिक्षकांचे शिक्षक होते. खडू हातात फिरवत ते म्हणाले, "मलाबी कुठं येती? म्हणून तर मी मोजतो. ज्याला येतंय त्याला अंदाजानं जमतं." घुले कुठले गप्प बसायला! "मास्तर झाला पर तागडी काय सुटली न्हाई बे तुझी." सगळे हसले, अप्पाही हसले. तेव्हापासून मागे सगळे त्यांना तागडीअप्पा म्हणू लागले आणि काही दिवसांनी तोंडावरही.

त्यांची तागडी म्हणजे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणि खिसाभर चिंचोके. वर्गात मागे जाऊन बसायचे. एकट्या लेकरानं, आपल्या मनानं, कळून इंग्रजीत काही म्हटलं की एक चिंचोका डब्यात. टक्. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला तर डबा मुका. "कोरसला चिंचोका न्हाई," हा त्यांचा नियम. पाठ संपला की काही न बोलता डबा शिक्षकाच्या हातात द्यायचे, ज्याचं त्यानं मोजायचं.

माझा पहिला पाठ मला लख्ख आठवतो. युसूफ वडगावच्या पुढे वस्तीवरची माझी शाळा. मी सगळी तयारी केली होती. पेन, पेन्सिल, पुस्तक, एकेक वस्तू उंच धरायची, आपण म्हणायचं, मुलांनी म्हणायचं. पत्रे हादरतील असा आवाज काढला मुलांनी. मी खूश. डबा उघडला तर आत दोन चिंचोके. मी विचारलं, "दोनच?" अप्पा म्हणाले, "एक त्या पोराचा, मे आय गो औट. दुसरा त्याच्या मागनं गेलेल्या त्याच्या भावाचा." आणि मग शांतपणे, "बाई, लई बोलता तुमी." मला राग आला. मला कोणी असं बोललेलं चालत नाही, माझ्या सासऱ्यांचंही चाललेलं नाही. पण रागाच्या भरात डबा परत दिला तेव्हा त्यातले ते दोन चिंचोके वाजले... आणि तो आवाज मला खोटा ठरवता येईना.

पुढचे सहा महिने मी त्यांची सगळ्यांत चिवट विद्यार्थिनी झाले. चित्र पुढे ठेवायचं आणि आपण गप्प बसायचं. दोघादोघांच्या जोड्या करायच्या. मुलांनी मुलांना विचारायचं. उत्तर देण्याइतकंच प्रश्न विचारणंही मुलांना आलं पाहिजे, ह्यावर अप्पांचा फार जोर. जुन्या रीतीनं शिकलेलं मूल उत्तर देईल, पण प्रश्न विचारणार नाही, असं ते म्हणत. एकदा मी विचारलं, हे सगळं कुठून आणलं? "औरंगाबादला महिनाभर ट्रेनिंगला गेलतो ना. तिथं एकच गोष्ट कळाली बघा. मास्तरला जे वाटतं आन लेकराला जे येतं, ह्या दोन गोष्टी येगळ्या हाईत. माझा बाप दुकानात हेच सांगायचा, अंदाजे देऊ नगं, तागडीत टाक."

आता मूळ गोष्टीकडे येते. वरून विचारणा झाली की तुमची नवी पद्धत चांगली कशावरून? बाकी साधनव्यक्ती अशा प्रश्नानं चिडतात. अप्पांना तो प्रश्न फार आवडला. त्यांनी सहा शाळा घेतल्या. तीन शाळांनी वर्षभर नव्या रीतीनं शिकवायचं, उरलेल्या तिन्हींनी जुन्या, म्हणजे कोरस, पाढे म्हटल्यासारखं पाठांतर आणि फळ्यावरून उतरवणं. वर्षाच्या शेवटी सगळ्या मुलांना एकेक करून एकच चित्र दाखवायचं आणि चिंचोके मोजायचे. फरक दिसला तर नवी पद्धत जिल्हाभर न्यायची, नाहीतर बंद करायची. कोणती शाळा कशात हे चिठ्ठ्यांनी ठरणार होतं. घुल्यांनी आपली टोपी पुढे केली. माझी चिठ्ठी जुनी निघाली.

मी तिथल्या तिथे म्हटलं, "अप्पा, मला नवी द्या. तुमच्या सगळ्या युक्त्या मला पाठ आहेत."

"म्हणूनच न्हाई."

"कावून न्हाई?" त्यांच्याशी भांडताना माझीही भाषा त्यांच्यासारखी व्हायची.

"ज्याला गोडी हाय त्यालाच नवी दिली, तर आपण गोडी मोजली का पद्धत, कसं कळावं? एक वरीस हाय बाई. नवी खरी ठरली तर समद्यांचीच लेकरं शिकतील." दुपारी गावातल्या एका पुढाऱ्याचा फोन आला, आमच्या शाळेला नवीत टाका म्हणून. त्यालाही हेच उत्तर मिळालं. मी त्यांना मानलं ते त्या दिवशी. आणि फसवलं ते त्यानंतर चार महिन्यांनी.

दिवाळीपर्यंत मी इमानानं कोरस घेतला. त्या सुमाराला केजच्या रस्त्यावर इंग्रजी माध्यमाची एक शाळा निघाली होती. सकाळी जीप यायची, टाय लावलेली पोरं आत कोंबायची आणि धूळ उडवत जायची. दिवाळीनंतर माझ्या पटावरची पाच नावं तिकडे गेली. पट कमी झाला तर शिक्षक अतिरिक्त ठरतो, हा धाक होताच, तो नव्हता असं मी म्हणणार नाही. पण एका आईनं शाळेच्या दारात उभं राहून जे सांगितलं ते जास्त लागलं. "बाई, तिकडची लेकरं बोलत्यात म्हणं. आमची नुसती वरडत्यात." ती काही भांडायला आली नव्हती. जे ऐकत होती ते सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाचं दार लावून घेतलं आणि मुलांच्या जोड्या केल्या. मनाशी म्हटलं, ह्या मुलांची पहिली एकदाच येणार, कुणाच्या प्रयोगासाठी ती मी का वाया घालवू? आजही तो विचार मला सगळाच चूक वाटत नाही. चूक त्याच्या पुढची आहे. अप्पांना जाऊन "मी जुनीत राहणार नाही, माझी शाळा काढून टाका" असं सांगायला युसूफ वडगाव फक्त दोन कोसांवर होतं. मी गेले नाही. उलट मुलांना एक जास्तीची गोष्ट शिकवली. पाहुणे आले की मी फळ्यावर डस्टर दोनदा आपटेन, तो आवाज ऐकला की जोड्या मोडायच्या आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. सहा-सहा वर्षांची मुलं, त्यांना तो खेळच वाटला. त्यांनी तो फार लवकर शिकून घेतला.

मार्चमध्ये अप्पा आले. मी डस्टर आपटलं. कोरस झाला, डबा मुका राहिला. मग ते बाहेर लिंबाखाली बसले आणि एकेका मुलाला बोलावून बाजाराचं चित्र दाखवू लागले. मी आत फळा पुसत होते, पुसलेलाच पुन्हा पुसत होते. बाहेरून आवाज येऊ लागला. टक्. टक्. टक् टक्... सुरुवातीला मी मोजलं, नंतर मोजणं सोडून दिलं. माझ्या आयुष्यात मी ऐकलेला तो सगळ्यांत सुंदर आवाज होता आणि मला तो थांबावासा वाटत होता.

शेवटी सुनीता गेली. गवंड्याची पोर, नाक वाहतं, पण जीभ चालू. चित्रातलं सगळं तिनं सांगितलं आणि मग अप्पांच्या मांडीवर बोट दाखवून विचारलं, "व्हॉट इज इन युवर बॉक्स?"

खिडकीतून मी पाहत होते. अप्पांचा हात चिंचोका धरून तसाच वर राहिला. मग ते हसले, डबा उघडून तिला दाखवला आणि तो चिंचोका आत टाकला. टक्.

मुलं सुटल्यावर ते दारात आले. डबा नेहमीसारखा माझ्या हातात दिला नाही, काखेतच ठेवला. म्हणाले, "बाई, जुनीच पद्धत ना?"

मी म्हटलं, "हो अप्पा. जुनीच."

"बरं," ते म्हणाले. वहीत काहीतरी लिहिलं आणि सायकल काढली.

केजच्या बैठकीत निकाल मांडला गेला. नव्या तीन शाळा चांगल्या निघाल्या होत्या. जुन्यांपैकी दोन फार मागे, आणि तिसरी, म्हणजे माझी, बाकी पाचही शाळांच्या कितीतरी पुढे. तिन्ही-तिन्हींची बेरीज केली की फरक उरत नव्हता. साहेब म्हणाले, "दोन्ही सारखंच तर आहे. मग जिल्हाभर प्रशिक्षण कशासाठी?" अप्पांनी एवढंच सांगितलं, "मोजमाप असं हाय साहेब." मी दुसऱ्या रांगेत बसले होते. माझा हात वर जायला एक क्षण पुरला असता. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले... अप्पांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर मी उठले असते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. ते खरं नसावं.

प्रशिक्षण बंद झालं. अप्पांचं पद गेलं आणि त्यांना पार गेवराईकडे, उमापूरच्या बाजूला एक शाळा मिळाली. निवृत्त होईपर्यंत ते तिथे खोली घेऊन राहिले, हातानं स्वयंपाक करून. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, इकडे, ते तिकडे. केजच्या शाळांमध्ये जोड्या मोडल्या आणि पुन्हा कोरस सुरू झाला. मला कोणी काही विचारलं नाही. पुढे मी केंद्रप्रमुख झाले, त्यातही त्या निकालाचा वाटा होता.

आणि मग ते वाक्य आलं. बीडला एका कार्यक्रमात अप्पांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "मी लई मोजलं. आमच्या वस्तीवरच्या बाईंनी जुन्या पद्धतीनं शिकवून समद्या नव्यांना मागं टाकलं. तवा मला कळालं, पद्धतीत काय न्हाई, बाईत हाय." टाळ्या पडल्या. वाक्य सोयीचं होतं. ज्यांना काही बदलायचं नव्हतं त्यांना तर फारच सोयीचं. बघता बघता ते सगळीकडे पोचलं. मी स्वतः भेटी द्यायला गेले तेव्हा पत्रे हादरवणारे गुरुजी ते मलाच ऐकवायचे. "बाई, तुमचंच उदाहरण हाय की." 

अप्पांना माहीत होतं का? सुनीताच्या प्रश्नानंतर त्यांना कळलं नसेल ह्यावर माझा विश्वास बसत नाही. कोरसमध्ये वाढलेलं मूल प्रश्न विचारत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मग माहीत असून त्यांनी माझी शाळा का काढून टाकली नाही? काढली असती तर कारण लिहावं लागलं असतं, आणि माझी नोकरी गेली असती. की त्यांनी माझ्या शब्दाला चिंचोक्यापेक्षा जड धरलं, खरंच मानलं, आणि एवढ्या मोजून चालणाऱ्या माणसानं आपलं मत माझ्या एका "हो अप्पा"वर बदललं? पहिलं असेल तर ते वाक्य त्यांनी मला वाचवायला म्हटलं होतं. दुसरं असेल तर ह्या जिल्ह्यातली एकमेव खरी तागडी मी मोडली. दोन्हींतलं कुठलं बरं, हे मला ठरवता येत नाही. काकू सांगतात, उमापूरला गेल्यावर त्यांनी तो डबा कधी वर्गात नेला नाही.

जाण्याआधी दोन महिने मी त्यांना भेटायला गेले होते. हृदयाचं दुखणं होतं, पलंगावरच असायचे. सांगायचं असं ठरवूनच निघाले होते, वाक्यंसुद्धा बसमध्ये जुळवली होती. काकू चहा ठेवायला आत गेल्या तशी मी म्हटलं, "अप्पा, त्या वर्षीचं एक सांगायचं राहिलंय."

त्यांनी हात जरासा वर केला. "बाई," ते म्हणाले, "लई बोलता तुमी." आणि हसले.

मी थांबले. आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून न थांबलेली मी त्या दिवशी थांबले, कारण मला थांबायचंच होतं. मग आम्ही महेशच्या दुकानाबद्दल बोललो, चहा प्यालो. उठताना त्यांनी सुनीता काय करते विचारलं. आठवीत आहे, म्हटलं. "प्रश्न इचारती का अजून?" मी म्हटलं, विचारते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

अप्पा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात काकूंना भेटायला गेले. त्यांनी फळीवरून डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "हे तुमी न्या बाई. हितं कुणाला त्याचं काय?" घरी आणून उघडला. आत दुकानात जिऱ्या-मोहरीच्या बांधतात तशा कापडाच्या सहा पुरचुंड्या होत्या, प्रत्येकीवर शाळेचं नाव शाईनं लिहिलेलं. त्या मार्चचे चिंचोके. नव्या तीन शाळांच्या पुरचुंड्या एका दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. जुन्या दोन शाळांच्या दुसऱ्या दोऱ्यानं एकत्र. सहावी माझी. ती कुठल्याच दोऱ्यात नव्हती. सुटी, एका कोपऱ्यात.

 माहीत होतं म्हणून वेगळी ठेवली, की सगळ्यांत भरली होती म्हणून? विचारायला कोणी नाही.

तेव्हा हे छापून यावं अशी माझी इच्छा आहे, आणि माझ्या वरिष्ठांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. वस्तीवरच्या बाईंनी जुन्या पद्धतीनं शिकवलं नव्हतं. दार लावून अप्पांच्याच पद्धतीनं शिकवलं होतं. ज्यांनी ज्यांनी ते वाक्य ऐकलं, वहीत उतरवून घेतलं, पुढे सांगितलं, त्यांनी ते खोडावं. अप्पांचं मोजमाप बरोबर होतं. माझं उत्तर खोटं होतं.

डबा घरी आणला त्या रात्री नव्या तीन पुरचुंड्यांचा दोरा सोडला, माझी पुरचुंडी त्यांच्यात घातली आणि पुन्हा बांधला. दुकानदाराच्या घरातली गाठ वेगळी असते, एका हिसक्यात बसते आणि आपोआप सुटत नाही. मला ती येत नाही. मी दोन-तीनदा बांधून पाहिली. आता तो डबा माझ्या पिशवीत असतो, शाळाभेटीला मी मागच्या रांगेत बसते. पिशवी खाली ठेवली की आतली गाठ सैल होते आणि वर्गात कोणी काही बोलायच्या आधीच, सहांपैकी एकच पुरचुंडी, माझी, पत्र्यावर वाजते.